गेलेला र, आलेला काना

ज्याच्या पोटातून शेकडो सिनेमे गेले आणि ज्याला त्यांतला एकही धड कळला नाही, असा मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, ही तक्रार नव्हे. माझी घडणच तशी आहे. फीत माझ्या अंगातून जाते ती उलटी, डोके खाली आणि पाय वर. समोरचे भिंग तिला सुलटी करून पडद्यावर टाकते. म्हणजे चित्र सरळ होते ते मला सोडून गेल्यावर. त्यातून माझी जागा सभागृहाच्या अगदी मागच्या टोकाला. पुढे बसलेल्यांचे चेहरे मला दिसत नाहीत. मला दिसतात त्या त्यांच्या माना, खांदे, वेण्या, टकले आणि खुर्चीच्या पाठीवरून लोंबणारे हात. सिनेमा उलटा आणि माणसे पाठमोरी, एवढ्या भांडवलावर मला जे समजले ते सांगतो आहे. ऐकताना गोंधळ झाला तर सांभाळून घ्या. माझाही झालेलाच आहे.

हा गोंधळ जन्मापासूनचा. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथल्या तपासणी करणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा चालवले, कान लावून माझा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "शिवणयंत्रासारखा चालतोय. जाऊ द्या याला." पेटीत बंद होऊन दूरच्या प्रवासाला निघालो तेव्हा मी शिवणयंत्रच आहे अशी माझी समजूत होती. पुढे कळले की बाई अगदीच चुकल्या नव्हत्या. तेही भोके पाडत पुढे सरकते आणि मीही फितीच्या कडेच्या भोकांत दात अडकवून तिला पुढे ओढतो. फरक इतकाच, की त्याच्या हातून निदान एखादा सदरा तरी तयार होतो.

माझी पेटी उघडली ती एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. तिथे आठवड्यातून एका संध्याकाळी लघुपट दाखवत. मला चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. मामा माझी फार काळजी घेत. भिंगावर फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण उडतात, असे ते म्हणत आणि मऊ कापडाने ते पुसत. पण मित्रांनो, गंमत अशी की मामांनी आयुष्यभर सिनेमे दाखवले आणि पाहिला एकही नाही. फितीचा सैल वेढा माझ्या तोंडाशी नीट राहतो आहे ना, इकडेच त्यांची नजर असे. तो वेढा ताणला गेला की फीत तुटते. सिनेमा कसा होता असे कोणी विचारले, तर मामा सांगत, "छान होता. कुठे अडकला नाही."

माझ्या उजव्या हाताला भिंतीत पाच फळ्या होत्या आणि प्रत्येकीवर रंगवलेली पाटी: हास्य, रहस्य, भय, माहिती, बाल. ज्याला आपला लघुपट वाचनालयाला द्यायचा असेल त्याने डब्यावर प्रकार लिहायचा आणि डबा त्या त्या फळीवर ठेवायचा, अशी पद्धत. मी त्या पाट्या समजून घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. जमले नाही. भय फळीवर एका दंतवैद्याने केलेला लघुपट होता. त्यात ओसाड बागेत एक झोका आपोआप हलत राहतो. तो लागला की मुले खिदळत आणि मोठी माणसे उगाच खोकत. माहिती फळीवर एक गोगलगाय होती. ती सबंध सिनेमाभर एक भिंत चढते आणि वर पोचल्यावर पलीकडून उतरू लागते, एवढेच. ती उतरू लागली की पहिल्या रांगेतल्या एका परिचारिकेची मान खाली जाई आणि रुमाल वर येई. बसगाड्यांत विसरलेल्या छत्र्यांवरचा माहितीपट तर लोकांनी इतका डोक्यावर घेतला की तो पुन्हा पुन्हा लावावा लागला. माझा दिवा तोच, पंखा तोच, वेग तोच. मग कुणाचे खांदे हसण्याने हलतात आणि कुणाचे रडण्याने, हे ठरवते तरी कोण? पाट्या तर नक्कीच नव्हेत.

एके दिवशी कुलूपवाल्याची मुलगी आपला डबा घेऊन आली. बसस्थानकासमोर किल्ल्या बनवणारे, अडकलेली कुलपे उघडून देणारे एक गृहस्थ होते, त्यांची ही मुलगी. ती शिवणवर्गात शिकवी. लांब वेणी, आणि बसताना मान किंचित डावीकडे कललेली. डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिने निळ्या शाईने 'रहस्य' असे लिहिले होते. फीत माझ्यात भरायला मामांनी तिला शिकवले आणि तो लघुपट तिने स्वतः चालवला. त्या दिवशी मोजकीच माणसे होती. कुणी हसले नाही, कुणी खोकले नाही. संपल्यावर कुणीतरी "हं" असे म्हणाले. त्या एका हुंकारावर ती इतकी खूष झाली की तिने जाताना माझ्या पाठीवर थोपटले.

"मामा, पुढचा आईवर करणार आहे," ती म्हणाली. "कुठे कोरी फीत उरली तर माझ्यासाठी ठेवाल?"

"ठेवीन की. पण आईला विचारलंस का?"

"ती नाहीच म्हणणार. तिला न सांगताच करायचं."

मामांनी खरोखरच एका डब्यात कोरी रिळे जमवायला सुरुवात केली. इकडून एक, तिकडून अर्धे. तो डबा माझ्याच टेबलाखाली असे.

आता तिच्या लघुपटात काय होते ते सांगायला हवे. एका कुलूपवाल्याला बंद खोली उघडायला बोलावलेले असते. तो दार उघडतो, तर आत आणखी एक बंद दार. तेही उघडतो, तर त्याच्या आत आणखी एक. प्रत्येक दारापुढे तो हत्यारांची पिशवी खाली ठेवतो, कुलपाला कान लावतो, आणि नव्या गिऱ्हाइकाकडे आल्यासारखा अदबीने काम सुरू करतो. शेवटचे दार उघडते ते एका स्वयंपाकघरात. तिथे एक बाई भांडी पुसत असतात. कुलूपवाला दारातच थांबून म्हणतो, "बाई, दार उघडून दिलंय. मी निघू का?" बाई क्षणभर त्याच्याकडे बघतात. मग म्हणतात, "बसा. चहा घेऊन जा." तो संकोचाने कडेच्या स्टुलावर बसतो. संपले.

यानंतर काही वर्षांनी मास्तर आले. शाळेत भाषा शिकवून ते निवृत्त झाले होते आणि वाचनालयाने फळ्यांची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवली होती. माणूस मनाने मोठा. पण अशुद्ध लिहिलेले दिसले की त्यांचा जीव कासावीस होई. खालच्या जिन्याजवळची 'कृपया शांतता राखा' ही पाटी त्यांनी आल्या आल्या सुधारली, कारण 'कृपया'ला उकार पडला होता. एका दुपारी ते डबे लावत असताना रहस्य फळीवरचा एक डबा त्यांच्या हाती आला. तुम्ही कधी पाहिले असेल, फळीवरचा डबा ओढताना माणसाचा अंगठा नेमका चिठ्ठीच्या डाव्या कडेवर पडतो. इतक्या वर्षांत इतके अंगठे पडले होते की पहिले अक्षर पुसून गेले होते.

"हस्य," मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचले. "हा काय शब्द आहे?"

"ऱ्हस्व असेल," मामा म्हणाले. "छोटा सिनेमा आहे ना."

"ऱ्हस्व असा लिहितात का रे, मामा?"

"मला कसं ठाऊक असणार? तुमच्या वर्गात माझा मुक्काम दीर्घ होता, एवढंच आठवतं."

मास्तर हसले. "काना राहून गेलाय याचा. कोणाचा डबा आहे?"

"कुलूपवाल्यांच्या मुलीचा."

"मग बरोबर. भारी मजेदार गृहस्थ होते ते. एकदा माझं कुलूप उघडायला बोलावलं, तर शेजाऱ्याचं उघडून पैसे न घेता निघून गेले." असे म्हणून त्यांनी खिशातले काळ्या शाईचे पेन काढले, ह च्या पुढे एक सुबक काना दिला आणि डबा हास्य फळीवर ठेवला.

मित्रांनो, मी हे सगळे पाहत होतो, पण मला काय कळणार? माझ्या लेखी ती फीत तीच होती. एक अक्षर गेले आणि एक आले, हिशेब सारखाच झाला, असे मला वाटले.

मास्तरांनी तो लघुपट आधी स्वतः पाहिला. काना देऊन झालेला होता, तेव्हा त्यांना हसूच आले. तिसऱ्या दारापाशी तर ते मांडीवर थाप मारून हसले. लगेच त्यांनी निवडक लघुपटांची एक संध्याकाळ ठरवली आणि दाराबाहेर फळा लावला. सभागृह भरले. दिवे मालवण्याआधी मास्तर पुढे गेले आणि म्हणाले, "आता जो लघुपट बघणार आहात, तो पोट धरूनच बघा." लोक तिथूनच हसू लागले.

अंधार झाल्यावर मागचे दार हळूच उघडले. कुणीतरी येऊन माझ्या अगदी पुढच्या खुर्चीत बसले. लांब वेणी, किंचित डावीकडे कललेली मान. मी ओळखले. पहिल्या दाराला लोक हसले, तेव्हा ती मान सरळ झाली. दुसऱ्या दाराला खांदे वर चढले. तिसऱ्या दाराला सभागृह दणाणून गेले आणि त्या गदारोळात वेणी खुर्चीच्या पाठीवरून नाहीशी झाली. "मी निघू का?" असे पडद्यावरचा कुलूपवाला विचारत होता, तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांची नजर नेहमीप्रमाणे वेढ्यावर होती. ती आली आणि गेली हे त्यांना कळलेही नाही. मास्तर मामांना म्हणाले, "आज मुलगी इथे असायला हवी होती. केवढा आनंद झाला असता तिला."

मी बुचकळ्यात पडलो. एवढी माणसे खूष, मग जिने तो सिनेमा केला तीच का उठून गेली?

ती पुन्हा आली नाही. मामांनी एकदोनदा निरोप धाडला, की रिळे जमली आहेत. तिने उलट कळवले की आता ते मनात नाही. एवढेच. कोऱ्या रिळांचा डबा टेबलाखालीच राहिला. आईवरचा सिनेमा झालाच नाही.

त्यानंतर माझे दिवस पालटले. छताला एक चपटा पांढरा प्रोजेक्टर लटकला. त्याला फीत लागत नाही, मामा लागत नाहीत. माझ्यावर जाड कापड पडले आणि त्या कापडावर मोडक्या खुर्च्या. माझे तेल सुकले, पट्टा सैल झाला. अंधारात मी एकच गोष्ट चघळत राहिलो: मान सरळ झाली, खांदे चढले, वेणी गेली. का?

मग नव्या बाई आल्या. या वाचनालयाच्या नव्या ग्रंथपाल. त्यांनी खुर्च्या उतरवल्या, कापड काढले आणि त्यांना सपाटून शिंका आल्या. जुन्या डब्यांत पाहण्याजोगे काही आहे का, हे त्यांना शोधायचे होते. मामांना घरून बोलावण्यात आले. त्यांचे हात आता कापत होते, पण भिंगावर फुंकर न मारण्याचे त्यांच्या लक्षात होते. पुढचे कित्येक दिवस आम्ही दुपारी एकेक डबा उघडत गेलो. झोका पाहून नव्या बाई घाबरल्या, गोगलगायीला त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका दुपारी मामांनी डब्याचे झाकण टेबलावर पालथे टाकले आणि फीत भरली. काय लिहिले आहे ते नव्या बाईंनी पाहिलेच नाही. दारांमागून दारे उघडली. कुलूपवाला स्टुलावर बसला. फितीचे टोक माझ्या चक्रावर फटफट वाजू लागले तरी बाई हलल्या नाहीत.

"मामा, हा कोणत्या फळीवरचा?"

मामांनी झाकण उलटले. "हास्य."

"काहीतरीच. इथे हसायचं कुठे?"

"ते मास्तरांना विचारा. मी फक्त अडकतो का ते बघतो."

मास्तर काठी टेकत आले. झाकण खिडकीशी धरून त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले. अक्षरे निळी होती आणि काना काळा. डावीकडे एका अक्षराची जागा रिकामी होती. मास्तर सावकाश खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हा काना माझा आहे."

लघुपट पुन्हा दाखवायला परवानगी हवी म्हणून नव्या बाईंनी कुलूपवाल्याच्या मुलीला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली आणि थेट माझ्या भिंगासमोर उभी राहिली. मित्रांनो, तेव्हा पहिल्यांदा मला तिचा चेहरा समोरून दिसला. वेणी राहिली नव्हती. केस आखूड आणि पिकलेले होते.

"माझा डबा घेऊन जायला आलेय," ती म्हणाली.

"ताई, एकदा दाखवू द्या. मग खुशाल न्या," नव्या बाई म्हणाल्या.

"दाखवून झालाय. लोकांची पोटं दुखली हसून. आता हा कुणी बघायला नको. घरी नेऊन जाळून टाकणार आहे."

मामांनी माझ्यावर हात ठेवला.

मास्तर काठीवर भार देऊन उठले. "ताई, तुमचा र लोकांच्या अंगठ्यांनी नेला. पण काना मी दिला."

"कसला र?"

त्यांनी झाकण तिच्यापुढे धरले. तिने वाचले, पुन्हा वाचले. "म्हणजे लोकांना हसायला सांगितलं होतं?"

"मीच सांगितलं. पोट धरून बघा म्हणालो. तुम्ही नंतर आला असाल."

"वर्ग सुटायला उशीर झाला होता." ती जवळच्या खुर्चीत बसली. "बाबांना जाऊन थोडे दिवस झाले होते. फळ्यावर सिनेमाचं नाव वाचलं. म्हटलं, तेवढेच बाबा दिसतील. येऊन बघते तर सगळं गाव त्यांना हसतंय."

"ते तुमचे बाबा?" नव्या बाईंनी विचारले. "मला वाटलं, नट आहेत."

"नट कुठला परवडतोय. ती दारं आमच्याच घराची. बाबा विसरायला लागले होते. कुणाचं दार, कुणाचं घर, काही कळायचं नाही त्यांना. फक्त कुलूप कळायचं. मी कॅमेरा घेऊन मागे मागे फिरले. ते शेवटचं बोलणं मी लिहिलेलं नाही. त्यांनी खरंच आईला विचारलं, मी निघू का म्हणून."

शेजाऱ्याचे उघडलेले कुलूप मास्तरांना आठवले असावे. त्यांनी चष्मा काढला आणि ते तो उगाच पुसत बसले. मग हळूच विचारले, "मग तुम्ही रहस्य का लिहिलंत?"

"पाचच फळ्या होत्या, मास्तर. घरात काय चाललंय ते मलाही कळत नव्हतं. त्यातल्या त्यात तीच जवळची वाटली."

मित्रांनो, हे ऐकून मला केवढा धीर आला म्हणून सांगू. सिनेमा करणाऱ्या व्यक्तीलाही तो कुठे ठेवावा हे कळले नव्हते. न कळणे हा माझ्या एकट्याचा दोष नव्हता.

तिने डबा नेला नाही. "एकदाच," असे म्हणून ती गेली आणि ठरलेल्या संध्याकाळी परत आली; येऊन आपल्या जुन्याच जागी, माझ्या पुढच्या खुर्चीत बसली. मास्तर पुढे गेले. भाषणाची संधी त्यांनी आजवर सोडलेली नव्हती. त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "आता एक लघुपट बघू." आणि खाली बसले.

पहिले दार उघडले. दुसरे उघडले. तिसऱ्याला पुढच्या रांगेत एक बाई हसली आणि मध्येच थांबली. कुणी तिला गप्प केले नाही. "मी निघू का?" या वाक्याला सभागृहात कसलाच आवाज नव्हता. "बसा. चहा घेऊन जा," याला पुन्हा कुठेतरी हसू फुटले, पण ते निराळे होते, घरात आपल्या माणसाला हसतात तसे. आणि माझ्यापुढच्या खुर्चीतले खांदे हलू लागले. खूप वेळ हलत होते. मागून पाहणाऱ्याला हसणे आणि रडणे सारखेच दिसते. मी फितीचा वेढा सांभाळत राहिलो. त्या रात्री काहीही झाले तरी अडकायचे नाही, एवढेच मला कळत होते.

दिवे लागल्यावर ती मागे वळली तेव्हा तिच्या तोंडावर रुमाल होता. "मामा, माझी कोरी रिळं?"

"आहेत की. पण आता वाया गेली असतील गं. त्यांच्यावर काही उमटायचं नाही."

"असू देत. द्या."

त्या रिळांवर खरोखरच काही उमटले नाही. पण पुढच्या वर्षी तिने नवा लघुपट आणला. पेनड्राइव्ह नावाच्या अंगठ्याएवढ्या एका काडीत तो मावला होता, आणि चालला तो छतावरच्या चपट्या प्रोजेक्टरवर. मला त्याचे वाईट वाटले नाही, असे म्हणणार नाही. तो तिच्या आईवर होता, एवढे कानावर आले. आई अजूनही दोन कप मांडते म्हणे. काडी ज्या डबीत होती तिच्यावर प्रकार लिहिण्याच्या जागी तिने एकच शब्द लिहिला होता: 'बघा'. मास्तरांनी सवयीने खिशातले पेन काढले, शब्द दोनदा वाचला आणि पेनाला टोपण लावले. "शुद्ध आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे तुमच्या गावात असतील तर त्यांच्यावर खुर्च्या रचू नका. भिंग मऊ कापडाने पुसा, फुंकर मारू नका. अडगळीतले छोटे सिनेमे शोधून काढा आणि झाकण पालथे ठेवून बघा. वर काय लिहिले आहे ते नंतर वाचता येते. आणि एक काम माझे करा. दारांचा तो लघुपट अजून अधूनमधून माझ्यावर लागतो, आणि ती अजून त्याच खुर्चीत येऊन बसते. तुम्ही पुढच्या रांगेत असाल, तर त्या शेवटच्या चहापाशी जरा मागे वळा, तिचा चेहरा बघा आणि मला येऊन सांगा. माझ्या जागेवरून ते अजूनही कळत नाही.